सायकलींची शर्यत आणि शाळेसमोरचा रस्ता

घरात कार्य निघालं की आपण काय करतो? बाहेरच्या खोलीला रंग काढतो, पडदे बदलतो, उंबऱ्याशी रांगोळीची पट्टी लावतो. मोरीतला गळका नळ मात्र "कार्य होऊ दे, मग बघू" म्हणून तसाच राहतो. २०२६ च्या फेब्रुवारीत भोर-वेल्ह्याच्या बाजूला चार दिवस राहून आले, आणि मला जागोजागी तो नळच आठवत राहिला!

माझ्या थोरल्या नणंदेचं, आक्कांचं, घर वेल्हे तालुक्यात आहे. (कागदोपत्री आता राजगड तालुका म्हणायचं. पण एस.टी.त बसून तुम्ही "एक राजगड" म्हणालात, तर बाया तुम्हाला गडाच्या पायथ्याशी उतरवतील.) आक्कांच्या गावाचं नाव मुद्दामच देत नाही. कारण पुढे कळेल.

तुम्ही त्या बाजूला कधी गेला नसाल तर जरूर जा. स्वारगेटहून निघायचं, कात्रजचा बोगदा मागे टाकायचा, चेलाडी फाट्याला मोठा रस्ता सोडून नसरापूरकडे वळायचं. जवळच बनेश्वराचं देऊळ आहे; झाडीत इतकं थंडगार, की उन्हाळ्यातही पदर खांद्यावर ओढून घ्यावासा वाटतो. तिथून पुढे आधी राजगड दिसू लागतो, मग तोरणा. हा रस्ता पूर्वी कसा होता ते माझ्या कमरेला विचारा. पहिल्या बाळंतपणानंतर मी त्या वाटेनं एकदाच गेले आणि परत येताना मांडीवर उशी घेऊन बसले होते. यंदा मात्र गाडी अशी गेली की हातातल्या पेल्यातला चहा हलला नाही.

कारण तुम्हाला ठाऊक असेलच. १९ ते २३ जानेवारीला 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. जिल्ह्यातून तब्बल ४३७ किलोमीटर. देशोदेशीचे सायकलपटू आले होते. २१ तारखेचा टप्पा गडकिल्ल्यांच्या मुलखातला, त्याचं नावसुद्धा 'मराठा हेरिटेज सर्किट'. त्या सायकलींची चाकं बोटाएवढी बारीक, खड्ड्यात गेली की माणूस गेलाच. म्हणून शर्यतीच्या वाटेवरचे रस्ते आधी काही महिने खपून गुळगुळीत केले गेले. वर्षानुवर्षं जे अर्ज-विनंत्यांनी झालं नाही ते एका शर्यतीनं झालं. हे मोकळ्या मनानं मान्य करायला हवं, आणि मी करते.

पण आक्कांची वाडी त्या रस्त्यापासून आत तीन किलोमीटर. फाट्यावर वडाप सोडलं, आणि पुढे तीच जुनी खडी, तेच दगड. डांबर जिथे संपतं तिथे सुरीनं कापल्यासारखी रेघ आहे! पॅसेंजर बायकांनी पिशव्या डोक्यावर घेतल्या आणि काही न बोलता चालू लागल्या. मीही चालले.

"शर्यत बघितलीत का?" आक्कांना विचारलं.

"बघितली की. समदी शाळा रस्त्याला झेंडे घेऊन उभी. आम्ही बाया दोन तास आधी जाऊन बसलो. आन् आले नि गेले! चुलीवर च्या ठेवला आसता तर उकळी बी आली नसती, वैनी." त्या दिवशी रस्ता बंद राहणार म्हणून डेअरीची गाडी पहाटेच येऊन गेली होती, आणि आक्का तीनला उठून धारा काढायला बसल्या होत्या. पण तक्रारीचा सूर नव्हता हो. रंगीबेरंगी पोरं पाखरांसारखी गेली, हे सांगताना त्यांचे डोळे लकाकले.

रात्री जेवताना मात्र वाद रंगला. आक्कांचा धाकटा पदवीधर आहे, तोरण्याला येणाऱ्या लोकांची राहण्या-जेवणाची सोय करतो. "मामी, टीव्हीवर सगळ्या जगानं आपले डोंगर बघितले. शनिवार-रविवारी गाड्या वाढल्यात. दरवर्षी होऊ दे शर्यत!" त्याचं खोटं नाही. पुण्याचं बालेवाडीच घ्या. ते क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभं राहिलं, २००८ साली तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, आणि पुढे कितीतरी वर्षं मोठमोठे टेनिसपटू तिथे येऊन खेळून गेले. केलेला खर्च असा अंगी लागला तर कोण बोलेल?

पण नेहमी तसं होत नाही. मी त्यांना कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहराची गोष्ट सांगितली. १९७६ च्या ऑलिंपिकआधी तिथले महापौर म्हणाले होते, पुरुषाला जसं मूल होणार नाही, तसा ऑलिंपिकला तोटा होणार नाही. आक्का भाकरी थापायची थांबल्या. "मग? झालं का मूल?"

झालं तर! खर्च इतका फुगला की कर्ज फिटायला २००६ साल उजाडलं. तंबाखूवर कर बसवून लोकांकडून पैसे काढले.

"तीस वर्सांचं बाळंतपण म्हना की!" आक्का पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं २०२६ चे राष्ट्रकुल खेळ खर्च पाहून २०२३ मध्येच नको म्हटले आणि ते ग्लासगोकडे गेले, हेही सांगितलं. त्यावर त्यांचं म्हणणं, ऐपत बघून आमंत्रण द्यावं, यात लाज कसली. आपल्याकडे दिल्लीचे २०१० चे खेळ झाले, तेव्हा महालेखापालांच्या अहवालानं एकूण खर्च साडेअठरा हजार कोटींवर मोजला होता. आता २०३० साली अहमदाबादेत राष्ट्रकुल खेळ आहेत. भाचा म्हणाला, "मामी, तुम्ही जेवायला बसलात की हिशेब काढता." म्हटलं, बाबा, महिन्याची पंधरा तारीख उलटली की घरातला हिशेब कोण काढतं?

दुसऱ्या दिवशी भोरला गेलो. पंतसचिवांचा राजवाडा पाहिला, नीरेच्या काठी बसलो, येताना भाटघरचं धरण. १९२७ साली पुरं झालेली ती भिंत आजही बघत राहावी अशी आहे. पाणी जातं मात्र कालव्यांनी खाली, बारामती-फलटणच्या उसाला. तिकडे पानशेतचं जातं पुण्याच्या नळांना, तुमच्या-माझ्या मोरीत. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांच्या वाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन फिरतात. या मुलखाला पाहुणचार नवा नाही, एवढंच.

आता ज्याच्यासाठी गावाचं नाव झाकलं ती गोष्ट. आक्कांच्या गावची शाळा अगदी त्या नव्या रस्त्याला लागून. पूर्वी शाळेसमोर दोन गतिरोधक होते. शर्यतीच्या सायकलींना ते चालत नाहीत, म्हणून काढले. योग्यच केलं. शर्यत झाली, सायकली गेल्या, फलक गेले. गतिरोधक काही परत आले नाहीत. आणि रस्ता आता आरशासारखा! पूर्वी खड्ड्यांमुळे गाड्या हळू यायच्या, आता वळणावरून सुसाट येतात. आक्कांची नात तिसरीत आहे. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तिच्या वर्गातल्या एका मुलाला मोटारसायकलनं उडवलं. हात मोडला, जीव वाचला. बचत गटाच्या बायकांनी सह्या-अंगठे करून अर्ज दिला. "वर कळवलंय," असं उत्तर मिळालं. वर म्हणजे कुठे, ते बायांना कोणी सांगितलं नाही.

मग त्यांनी पाळी लावली. सकाळी शाळा भरताना आणि संध्याकाळी सुटताना दोघीजणी रस्त्यावर उभ्या राहतात. हातात काठी, काठीला लाल कापड. आक्कांच्या काठीला त्यांच्या जुन्या परकराचा तुकडा आहे. "शर्यतीला झेंडे सरकारनं दिले व्हते," त्या म्हणाल्या, "ह्यो आमचा."

निघायच्या दिवशी सोमवार होता, आक्कांची पाळी. माझी एस.टी. उशिरा होती म्हणून मीही उभी राहिले. पुण्याची एक पांढरी मोटार जोरात आली, लाल कापड बघून करकचून थांबली. आत माझ्याच वयाची बाई, डोळ्यांना काळा चष्मा. काच खाली करून जरा त्रासून म्हणाली, "काय झालंय? आम्हाला तोरण्याला जायचंय."

"सरळ जावा," आक्का म्हणाल्या. "पन आधी पोरं जाऊ द्या."

चाळीसेक पोरं एकमेकांचे हात धरून रस्ता ओलांडून गेली. आक्कांची नात शेवटी होती. मधेच थांबून तिनं मला हात केला, आणि आक्का तिच्यावर खेकसल्या.

आक्कांनी बरोबर पाच किलो इंद्रायणी तांदूळ दिलाय. नवा आहे, पाणी थोडं कमीच घालायचं, असं बजावून सांगितलंय. गतिरोधक झाला की फोन करते म्हणाल्या. हे लिहून पुरं होईपर्यंत तरी फोन आलेला नाही.