मांडीवरचे यंत्र मेजावर

लॅपटॉप म्हणजे मांडीवर ठेवावयाचे यंत्र. बिदर, भालकी, बसवकल्याण, तिकडे आळंदपर्यंत आमचे जाणे-येणे असते. घरोघरी हे यंत्र मांडीवर घेऊन, मान वाकवून बसलेले तरुण आम्हांस दिसतात. कोणी दूरच्या कचेरीचे काम करतो, कोणी परीक्षेचा अभ्यास. "फादर, ह्याची मान फार दुखते," असे माता सांगतात.

दोष मुलाचा नव्हे, यंत्राच्या घडणीचा आहे. पडदा आणि कीबोर्ड एकत्र जोडलेले. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात उचलावे लागतात. हात खाली ठेवावे तर मान झुकते. म्हणून दोहोंची फारकत करावी. लॅपटॉप जाड पुस्तकांच्या चळतीवर इतका उंच ठेवावा की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस येईल. मग कीबोर्ड आणि माऊस निराळे जोडावे. एवढ्यासाठी फार खर्च लागत नाही.

निराळा कीबोर्ड आपल्या सीमाभागास विशेष सोयीचा. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८६ साली ठरविलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत ज्या कळीवर मराठी 'क' आहे, तिच्यावरच कन्नड 'क' आहे. आमच्या मेजावर अर्ज कन्नडात आणि पत्रे मराठीत होतात. बोटांना दुसरे वळण लावावे लागत नाही.

ज्यांस मोठा मॉनिटरही हवा, त्यांच्यासाठी डॉक आहे. १९९२ साली अ‍ॅपल कंपनीने काढलेल्या ड्युओ डॉकमध्ये अख्खा लॅपटॉप आत सरकवावा लागे. २०१४ साली यूएसबी टाईप-सीचे मानक आले. आता एकाच केबलीतून वीज, चित्र आणि माहिती जाऊ शकते. मात्र प्रत्येक टाईप-सी पोर्टातून चित्र जातेच असे नाही. डॉक घेण्यापूर्वी लॅपटॉपचे माहितीपत्रक वाचावे, नाहीतर पैसे वाया जातात.

मग मेजावरचा जुना संगणकच का नको, असे कोणी विचारील. वीज गेली की तो तत्काळ बंद पडतो आणि लिहिलेले बुडते. लॅपटॉपच्या बाबतीत मॉनिटर काळा झाला तरी बॅटरीवर काम चालू राहते. गावी निघावयाचे झाल्यास एक केबल काढली की पुरे. सदैव विजेवर असलेल्या लॅपटॉपची बॅटरी सोय असल्यास ८० टक्क्यांपर्यंतच भरू द्यावी. ती अधिक काळ टिकते.

आईबापांनो, आज सायंकाळी मुलाचे बसणे एकदा पाहा. पुस्तके घरात आहेतच. कीबोर्ड तेवढा आणावयाचा आहे.