वेठीचा क्रूस

दुखण्याला आपल्या भाषेत पुष्कळ नावं आहेत. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, उसण वेगळी. माझ्या कमरेत या चौघींचं बिऱ्हाड आहे. चमक खाली बसताना येते. कळ डाव्या कुल्ल्यातून पोटरीत उतरते आणि अंगठ्याला मुंग्या लावून जाते. ठणका रात्रीचा. डॉक्टर म्हणाला, दोन मणक्यांमधली गादी सरकलीय, शीर दाबली जातेय, ओझं उचलू नका. आता उचलत नाही. तीस वर्षं उचललं तेवढं पुरे.

मी माथाडी होतो. माथ्यावर वाहतो तो माथाडी. बाप १९७२ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातून मुंबईला आला. मशीद बंदरला त्यानं हमाली धरली. त्याच्या मागं मी. १९८० नंतर एकेक घाऊक बाजार खाडी ओलांडून नवी मुंबईत आला, तुर्भ्याला. लोक त्याला वाशी मार्केट म्हणतात. बाजारामागं आमची टोळी आली आणि बिऱ्हाड कोपरखैरण्याला पडलं. ट्रकला पाठ लावून उभं राहायचं, वरचा गडी गोणी मानेमागं सोडणार, मग गाळ्यात नेऊन थप्पी लावायची. साखरेची गोणी तेव्हा शंभर किलोची. माझं वजन बावन्न. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला म्हणून फंड, बोनस तरी हातात पडला. पण कायदा मणक्यात शिरत नाही. एका गोणीत ५० किलोच्या वर माल नको, एवढं मागायलासुद्धा माथाड्यांना काम बंद करावं लागलंय.

आमचं घर ख्रिस्ती. पणजा महारवाड्यातला. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ पासून नगरला ठाण मांडलं होतं. पणजानं मिशनकडून बाप्तिस्मा घेतला. का घेतला, तर कुणीतरी त्याला पहिल्यांदा नाव घेऊन हाक मारली, असं आजी सांगायची. मला ते कारण पुरतं.

उत्तम शुक्रवारी तीन तासांची उपासना असते. क्रूसावरच्या सात उद्गारांवर बोललं जातं. तीन तास बाकावर बसणं माझ्या कमरेला झेपत नाही, मी मागं भिंतीला टेकून उभा राहतो. अशाच एका वर्षी उपदेश ऐकला. दुखणं हा तुमचा क्रूस आहे, तो मुकाट्यानं वाहा, प्रभूनंही वाहिला. म्हाताऱ्या बायांनी पदरानं डोळे पुसले. मी घरी येऊन शुभवर्तमान उघडलं. मुकाट्यानं कुठं लिहिलंय ते बघू म्हटलं.

क्रूस ही रोमी राज्यात गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा. रोमी नागरिकाच्या वाट्याला ती सहसा येत नसे. म्हणजे खालच्यांसाठी राखून ठेवलेलं मरण. ते लाकूड आभाळातून पडलं नव्हतं. सुभेदार पिलाताच्या हुकमानं, शिपायांच्या हातानं ते पाठीवर आलं. पाठ आधीच फटक्यांनी सोललेली. पुढं शिपायांनी रस्त्यातला एक माणूस धरला. कुरेनेचा शिमोन, रानातून येत होता. त्याला लाकूड वाहायला लावलं. आपल्या मराठी बायबलात तिथं शब्द आहे, वेठीस धरलं.

तो शब्द माझ्या ओळखीचा निघाला. आजी म्हणायची, "सांगावा आला की हातातली भाकर ठिवायची आन् पळायचं. साहेबाचं वझं फुडल्या गावच्या शिवंपातूर न्यायचं. पैसा कसला नि काय कसलं!" हीच वेठ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाचं बिल मांडलं. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. तेव्हा शिमोनाची गोष्ट मला कुणी समजावून सांगायला नको. त्यालाही कुणी विचारलं नव्हतं, वाहतोस का म्हणून.

आणि प्रभू मुका नव्हता. तहान लागल्याचं त्यानं सांगितलं. देवाला मोठ्यानं विचारलं, मला का टाकलंस? शुभवर्तमान लिहिलं ग्रीक भाषेत, पण ती हाक त्याच्याच अरामी बोलीत ठेवली, मग अर्थ दिला. दुखणं बोलीतच ओरडतं. माझी आई शिकलेल्या लोकांत जपून बोलायची, पण कळ आली की नगरी बोलीतच "आयो, मेले गं" म्हणायची.

लूकच्या तेराव्या अध्यायात एक बाई आहे. अठरा वर्षं कमरेत वाकलेली, सरळ होता येत नाही. येशूनं तिला हा तुझा क्रूस आहे, वाहा, असं सांगितलं नाही. हात ठेवून तिला सरळ केलं. शब्बाथाचा दिवस होता, म्हणून सभास्थानाचा अधिकारी रागावला. बाकीचे सहा दिवस आहेत की, म्हणाला. येशूनं विचारलं, बैल-गाढव सोडून पाण्यावर नेता ना याच दिवशी? मग या बाईला सोडवायला नको का? मला ही बाई रोज दिसते. आमच्या बाजारात कांदे-बटाटे निवडून निवडून तशाच वाकलेल्या बाया आहेत.

सरकारचं आणखी वेगळं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जात फक्त हिंदूंना. १९५६ ला त्यात शीख आले, १९९० ला बौद्ध आले. ख्रिस्ती झालेला महार, मांग अजून बाहेर. आयोग बसले, अहवाल झाले. कागद म्हणतो, बाप्तिस्म्याबरोबर तुझी जात गेली, तुला जखमच नाही. उपदेश म्हणतो, जखम असली तर मुकाट्यानं वाहा. या दोघांच्या मधे माझा मणका.

मी विश्वासणारा माणूस आहे. रात्री ठणका सुरू झाला की त्याच्याशीच बोलतो. पाठ सोललेला देव मला जवळचा वाटतो, कारण त्याला गोणीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पण माझं दुखणं त्यानं पाठवलं असं मी म्हणणार नाही. ते कुठून आलं ते मला माहीत आहे. शंभर किलोच्या गोणीतून आलं.

टोळीतल्या नव्या पोरांना मी एवढंच सांगतो. गोणी आधी काट्यावर घाला. पन्नासच्या वर भरली तर पाठ लावू नका. आणि दुखलं तर ओरडा. त्यात देवाचा अपमान नाही. त्यानंसुद्धा मोठ्यानंच विचारलं होतं.