डायनामोचं बेअरिंग

डायनामोशी माझी पहिली ओळख सायकलमुळे झाली. संध्याकाळच्या क्लासहून परतताना पुढच्या टायरवर तो बाटलीसारखा डायनामो टेकवायचा, की लगेच पायडल जड व्हायचं. सहा व्होल्ट, तीन वॅट एवढीच त्याची कुवत. चढावर दिवा मिणमिणायचा, उतारावर रस्ता लख्ख दिसायचा. दिव्यावर लक्ष नसतानाही नुसत्या गुणगुणीवरून मला आपला वेग कळायचा.

मग घरी बाबांची अँबेसेडर आली. सेकंडहँड, मार्क टू, मूळची मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातली. तिच्या डायनामोला आवाज असा नव्हताच. होता फक्त डॅशबोर्डवरचा लाल दिवा. सिग्नलला गाडी उभी राहिली की तो लागायचा, ॲक्सिलरेटर दिला की विझायचा. संथ चालणाऱ्या इंजिनावर डायनामो चार्जिंग करत नाही, हे मला शाळेच्या पुस्तकाआधी त्या दिव्याने सांगितलं.

बाबा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. इतकी वर्षं गप्प असलेला तिचा डायनामो गेल्या हिवाळ्यात बोलू लागला. सकाळी गाडी सुरू केली की खरखर, आणि वेग वाढला की चिरका, ताणलेला सूर. विचारलं त्या बहुतेकांनी एकच सल्ला दिला: "काढून टाका, अल्टरनेटर बसवा." रोज रात्री हेडलाइट लावून लांब जाणाऱ्याला हा सल्ला योग्यच आहे. गाडीतल्या ल्युकासच्या सी-४० डायनामोची ताकद २२ अँपिअर, आणि आजच्या साध्या अल्टरनेटरपुढे ती काहीच नाही. पण माझी गाडी रविवारी सकाळी रंकाळ्याला वळसा घालून घरी येते. आर्मेचर चांगलं, कम्युटेटर गुळगुळीत, वाइंडिंग शाबूत. एक दात किडला म्हणून कोणी कवळी बसवत नाही.

बाबांच्या वेळचे मिस्त्री अजून उद्यमनगरात बसतात. त्यांनी बॉनेट उघडलं, पण पान्याला हात लावला नाही. "ताई, आधी आवाज कुणाचा त्ये बघू. पान्याचा पंप बी त्याच पट्ट्यावर हाय." पट्टा उतरवून त्यांनी इंजिन क्षणभर चालवलं. आवाज गेला. म्हणजे दोष पट्ट्यावरच्या दोघांपैकी एकाचा. पट्टा परत चढवून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवलं, मूठ कानाला लावली. मग डायनामोच्या पुलीकडच्या अंगावर टेकवलं आणि मूठ माझ्या हातात दिली. आत कुणीतरी वाळू दळत होतं.

पुढे त्यांनी जे केलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. डायनामो उतरवून टेबलावर घेतला, दोन्ही टर्मिनलं तारेने जोडली, बॅटरी लावली आणि तो स्वतःच फिरू लागला. फिरवला की वीज देणारं यंत्र वीज दिली की फिरतं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. इथे ते डोळ्यांसमोर घरघरत होतं, इंजिनाच्या गोंगाटाशिवाय.

मागचे दोन लांब बोल्ट सुटले की डायनामो उघडतो. पुलीखालची अर्धचंद्राची चावी मिस्त्रींनी आधी डबीत ठेवली, कारण ती हरवली की दिवस जातो. जुनं बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन मी बोटांत फिरवलं. प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी ते अडखळायचं. उजेडात धरलं तेव्हा गोळ्यांच्या वाटेवर बारीक खड्डे दिसले.

उत्तरपाड्याला अँबेसेडर बनणं २०१४ मध्ये थांबलं. तिचे कितीतरी पार्ट आता भंगारातून शोधावे लागतात. बेअरिंगचं तसं नाही. कडेवर कोरलेला नंबर सांगितला की दुकानदार गाडीचं नावही विचारत नाही. शेवटचे आकडे ०२ असले तर आतलं भोक १५ मिलिमीटर, ०३ असले तर १७. तीच मापं घरोघरच्या पाण्याच्या मोटारींत फिरतात. दोन्हीकडे पत्र्याचं झाकण असलेलं नवं बेअरिंग अर्ध्या तासात हातात होतं.

ते बसवताना मिस्त्रींनी जपलेला नियम मला फार मोलाचा वाटतो. शाफ्टवर चढवायचं तर जोर फक्त आतल्या कड्यावर, बेअरिंगच्या घरात बसवायचं तर फक्त बाहेरच्या. उलट केलं तर धक्का गोळ्यांतून जातो आणि नवंकोरं बेअरिंग पहिल्याच दिवशी बोलायला लागतं. मागच्या टोकाला बेअरिंग नसून ब्राँझचा सच्छिद्र बुश असतो. तोही घासला होता. नवा बुश बसवण्याआधी पूर्ण दिवस पातळ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवला, म्हणजे तेल त्याच्या अंगात मुरतं. मिस्त्रींना घाई नव्हती, मलाही नव्हती.

बेअरिंग जातं ते बहुतेक वेळा वयाने नव्हे, ताणलेल्या पट्ट्याने. पट्ट्याची सगळी ओढ पुलीकडच्या त्या एका बेअरिंगवर येते. चिरकला की पट्टा आवळायचा, ही सवय बेअरिंगच्या मुळावर येते. तुमच्याकडे डायनामोची गाडी असेल तर मधोमध अंगठ्याने दाबून अर्धा इंच आत जाईल इतकाच पट्टा ठेवा. सर्व्हिसिंगला डायनामोच्या मागच्या छिद्रात तेलाचे दोन-तीन थेंब सोडा. जास्त नको, तेल कम्युटेटरवर उडालं तर चार्जिंग बसतं.