ओसरीवरचे ग्रीक

शब्दांचे व्यसन तंबाखूच्या व्यसनापेक्षा वाईट. तंबाखू निदान शेजाऱ्याबरोबर वाटून खाता येते. एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती घेऊन तुम्ही शेजाऱ्याकडे गेलात, तर त्याला नेमके त्याच वेळी शेतात जायचे असते. आमच्या डोणगावात मला पाहून जितके लोक शेतात गेले, तितके पावसाळ्यातसुद्धा जात नसतील.

निवृत्त झाल्यावर माझ्या हाती दोनच श्रोते उरले. आठवीतली नात आणि चौथीतला नातू. पैकी नातीचे दुखणे खरे होते. आठवीपासून तिचे विज्ञान इंग्रजीत सुरू झाले आणि सातवीपर्यंत अखंड बडबडणारी ती पोर एकदम मुकी झाली. प्रकाशसंश्लेषण तिला येत होते. फोटोसिंथेसिस म्हटले की तिच्या डोळ्यांत पाणी यायचे. एका रात्री ती हळूच म्हणाली, "आबा, मला नाही जमणार. बाबांना सांगा ना." बाबा म्हणजे आमचे चिरंजीव. त्यांनी तिला अकोल्याला वसतिगृहात ठेवून शिकवायचे मनात धरले होते. पोरगी इंग्रजीला घाबरत होती आणि आम्ही दोघे म्हातारा-म्हातारी अकोल्याला घाबरत होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी ओसरीवर वर्ग काढला. म्हटले, हा शब्द म्हणजे वाघ नव्हे, तूर आहे. सोल आणि आत बघ. 'फोटो' म्हणजे प्रकाश, 'सिन' म्हणजे एकत्र आणि 'थेसिस' म्हणजे ठेवणे. या थेसिसच्या मुळाशी जो धातू आहे, तो आपल्या संस्कृत 'धा'चा सख्खा चुलतभाऊ. तिने पाटीवर तुकडे मांडले, पुन्हा जोडले आणि म्हणाली, "एवढंच?" शिक्षकाच्या आयुष्यात 'एवढंच' हा शब्द पेन्शनपेक्षा मोलाचा असतो.

हे चुलतपण मी काढलेले नाही बरे का! 1786 साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स नावाच्या न्यायाधीशाने भर सभेत सांगितले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून निघाल्या असाव्यात. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी ही बातमी आमच्या ओसरीवर पोहोचली, आणि घरात नुसता धुमाकूळ माजला. डेंटिस्टात दंत सापडला. ऑक्टोपसात अष्टपाद निघाला. आणि थर्मामीटर? ग्रीक 'थर्मोस' म्हणजे उष्ण. त्याचा संस्कृत भाऊबंद 'घर्म'. आणि घर्माचा मराठी मुलगा 'घाम'. विदर्भातल्या मे महिन्यात हे पटवून द्यायला पुरावा लागत नाही. सौ. पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, "मग माझ्या अंगावरून तुमचे ग्रीकच वाहताहेत म्हणायचे."

ग्रीकांनी आपल्याकडूनही नेले आहे. आमच्या काळ्या मातीतला कापूस, म्हणजे संस्कृत 'कार्पास', त्यांच्याकडे 'कार्पासॉस' होऊन गेला. भाव काय मिळाला, ते मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही. उलट त्यांचा 'केन्ट्रॉन' आपल्याकडे 'केंद्र' होऊन आला. या केन्ट्रॉनचा मूळ अर्थ जनावराला टोचायची अणकुचीदार पराणी. परीक्षा केंद्रावर बसलेल्या कोणत्याही मुलाला विचारा, अर्थ फारसा बदललेला नाही.

धाकटे चिरंजीव मात्र विद्येचा उपयोग स्वार्थासाठी करीत. 'स्कूल' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा मूळ अर्थ फुरसत, हे मी बोलून गेलो आणि सोमवारी स्वारी अंथरुणातून उठेना. "आबा, मी घरीच स्कूल करतो."

एकदा शेजारचे गृहस्थ आले. ग्रामपंचायतीला उभे होते, अंगात परीटघडीचा पांढराशुभ्र सदरा.

"काय गुरुजी, भर उन्हात लेकराईले काय शिकवून राह्यले?"

"ग्रीक आणि लॅटिन."

"मंग मराठी पुरी झाली म्हना!"

नातीने त्यांच्या सदऱ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "काका, कॅन्डिडेट म्हणजे पांढरे कपडे घातलेला. रोममध्ये निवडणुकीला उभं राहणारे लोक कपडे खडूनं पांढरे करून फिरायचे." गृहस्थांनी सदऱ्याकडे पाहिले आणि त्यांना शेताची आठवण झाली. पण मी नातीकडे पाहत राहिलो. पुष्कळ दिवसांनी ती मोठ्यांदा बोलली होती.

पुढे शेजारच्या तालुक्यातल्या लोणारला सहल गेली. तेथे उल्केच्या आघाताने झालेले, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर आहे. तळ्याचे पाणी खारट, त्यामुळे लवणासुराची गोष्ट गावोगाव ठाऊक. विवराला इंग्रजीत क्रेटर म्हणतात, हे सांगताना आमच्या बाईसाहेबांनी भर घातली, की ग्रीकांचा 'क्राटेर' म्हणजे द्राक्षासवात पाणी मिसळायचे मोठे भांडे. ही माहिती ऐकून मुलांचा भूगोलातला रस एकदम वाढला, असे तिच्या बाईंनी मला जरा घुश्शातच कळवले.

विद्या फळाला आली, की ती घर सोडते. नववीला जाताना पोरगी आपणहून म्हणाली, "बाबा, मी जाते अकोल्याला." जिला धीर यावा म्हणून मी वर्षभर घसा कोरडा केला, तिने तो धीर पिशवीत भरला आणि एस.टी.त जाऊन बसली. सौ. आठ दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. ओसरीवर नातू आणि मी. त्यातला नातू फुरसतीत.

नवव्या दिवशी फोन आला.

"आबा, हॉस्टेल हा शब्द कुठून आला हो?"

म्हटले, "लॅटिनमधला पाहुण्याचा शब्द आहे, त्यावरून. हॉस्टेल आणि हॉस्पिटल, दोन्ही त्याच मुळाचे."

"तरीच!" ती म्हणाली. "इथली भाजी खाल्ली तेव्हाच मला संशय आला होता."