घोरणारा नातू

बायांनो, घरात लहान मूल घोरायला लागले की आपण म्हणतो, "दमलंय बिचारं, गाढ झोपलंय." मीही तेच म्हणत होते.

माझ्या नातवाची टाळू जन्मतःच दुभंगलेली. अंगावर घेतले की दूध नाकातून बाहेर यायचे. शेजारणींनी लगेच सुनेवर खापर फोडले, ग्रहणात विळीला हात लावला असणार! अहो, त्या नऊ महिन्यांत ग्रहण लागले होते की नाही, हेही कुणाला धड आठवत नव्हते. पोटातल्या बाळाची टाळू तिसऱ्या महिन्याच्या सुमारास दोन्हीकडून येऊन मधोमध सांधते. याची सांधली नाही. त्यात विळीचा काय संबंध? आम्ही त्याला उभे धरून वाटी-चमच्याने दूध पाजले. वर्षाचा झाल्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली. वाटले, सुटलो.

मुलगा तारापूरच्या कारखान्यात, रात्रपाळी असली की घरी नाही. सून दिवसभर राबून पडली की तिला जाग नाही. भाताची झोडणी उरकून मी बोईसरला त्यांच्या खोलीवर गेले, तेव्हा पोर चार वर्षांचे होते. रात्री घोरता घोरता त्याचा आवाज एकदम थांबला. छाती वरखाली होत होती, पण नाकाशी हात धरला तर वारा नाही. मी मोजू लागले. दहापर्यंत गेले, तेव्हा कुठे तो दचकला आणि मोठा श्वास ओढून कुशीवर वळला. उशी घामाने ओली.

डहाणू लोकलने पुन्हा मुंबई गाठली. डॉक्टर म्हणाले, अशा मुलांचा वरचा जबडा पुष्कळदा पुढे वाढत नाही, नाकही आतून वाकडे नि अरुंद असते. टाळू शिवल्यावर घशामागची वाट आणखी आखडते. जागेपणी स्नायू ती उघडी धरतात, झोपेत ते सैल पडले की वाट मिटते. काही बाळांची हनुवटीच बारीक असते, त्यांची जीभ मागे पडते. पिअर रॉबिन या फ्रेंच डॉक्टराने १९२३ साली त्याविषयी लिहिले आहे. अशा तान्ह्याला कोणत्या कुशीवर निजवायचे, ते डॉक्टरांनाच विचारा. आपल्या मनाने नको.

रात्रभर तारा लावून त्याची झोप तपासली. मग टॉन्सिल काढले. नाकामागची गाठ मात्र राखली. ती काढली तर बोलणे जास्तच नाकातून येण्याची भीती असते.

अंगणवाडीत मुलांना तपासणारे सरकारी पथक येते ना, त्यांना तुम्ही होऊन घोरण्याचे सांगा. दिवसा आलेल्या माणसाला ते कसे कळणार?

जबड्याचे काम मोठेपणी करावे लागेल म्हणतात. तोवर मी बोईसरला गेले की रात्री उठून त्याच्या नाकाशी हात धरते. परवा झोपेतच त्याने तो झिडकारला.