उन्हाळ्यात वेरूळ : तीन वाजता निघालो म्हणून जमले

मे महिन्यात बीडहून फिरायला जायचे म्हटले की शेजारीपाजारी वेड्यासारखे बघतात. ऊन बेचाळीसच्या पुढे, एस.टी.त लग्नसराईची गर्दी, आणि हे निघाले सहलीला! पण आपल्या भागातल्या घरांना दुसरा महिना आहे कुठे? दसरा झाला की टोळ्या कारखान्याला जातात. पट्टा पडला की माणसे गावी येतात. सगळे घर एका छपराखाली सापडते ते याच दिवसांत.

माझ्या आईने सत्तावीस हंगाम ऊस तोडला. अर्धा महाराष्ट्र तिने पाहिला तो ट्रकच्या हौद्यातून, गाठोड्यावर बसून. पाहण्यासाठी म्हणून ती कधी कुठे गेली नव्हती. आता सत्तरी गाठली, रक्तदाब आहे, डॉक्टरांनी उन्हात फिरायचे नाही असे बजावले आहे. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, म्हातारीला उन्हात काही झालं तर?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून मी कारकुनाची सवय कामी लावली आणि वहीत तासातासाचा हिशेब मांडला.

मुलांना अजिंठा हवा होता. अजिंठ्याची लेणी उघडतात नऊला. गाडी फाट्यावर ठेवून पुढे एस.टी.च्या बसने जायचे, मग पायऱ्या. घोड्याच्या नालासारखा तो डोंगर, अकरा वाजता तव्यासारखा तापतो. आईसाठी ते नकोच. वेरूळ मात्र दिवस उगवताच उघडते, आणि तिथला कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. म्हणजे सकाळी लेण्यांवर डोंगराचीच सावली, ऊन येते ते दुपारनंतर. ही एक गोष्ट कळली आणि बेत पक्का झाला.

वार कोणता? मंगळवारी वेरूळ बंद. सोमवारी घृष्णेश्वराला गर्दी, शनिवार-रविवारी शहरातली मंडळी. बुद्ध पौर्णिमेला जावे असे सौभाग्यवतीचे म्हणणे होते, पण त्या दिवशी आईला टेकायलाही जागा मिळाली नसती. गुरुवार धरला. तीन घरांत मिळून एक जीप केली. पाण्याचे दोन जार, भाकरी, ठेचा, लिंबू, मीठ-साखर, ओली फडकी.

पहाटे तीनला बीड सोडले. गेवराई, शहागडला गोदावरीचा पूल, पाचोड, आडूळ करत औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, सव्वाशे-तीस किलोमीटर. रस्ता आता चौपदरी आहे, रात्री वाहतूकही कमी. तिथून वेरूळ आणखी तीस. सव्वासहाला दारात उभे होतो, गारवा अजून होता.

लोक आत शिरले की समोरच्या कैलास लेण्याकडे, म्हणजे सोळा नंबरकडे, वळतात. आपण उजवीकडे वळावे. एक ते बारा ही बौद्ध लेणी तिकडे आहेत आणि सकाळी तिथे फार कोणी नसते. पाच नंबरचा विहार सुमारे ११७ फूट खोल आहे, मधोमध दगडातच कोरलेले दोन लांब ओटे. या लेण्याला जुन्या पुस्तकांत 'महारवाडा' असे नाव आहे. मी ते आईला सांगितले. ती ओट्यावर हात फिरवत म्हणाली, "एवढा मोठा वाडा होय आपला!" दहा नंबरच्या चैत्यात छताच्या दगडी फासळ्या लाकडाच्या वाटतात, म्हणून त्याला सुतार की झोपडी म्हणतात. स्तूपापुढे बसलेली बुद्धमूर्ती आहे. आम्ही वंदना घेतली. अकरा नंबर 'दोन ताल', पण त्याचा तिसरा मजला १८७६ साली गाळाखाली सापडला. नाव तसेच राहिले. भिंतीवरच्या छिन्नीच्या खुणा बघून आईने विचारले, "यांना उचल कुणी दिली असंल रे?" मुले हसली. मला हसू आले नाही.

नऊला बाहेर पडलो. परतीच्या वाटेवर दौलताबाद लागते. किल्ला चढायचा नाही हे आधीच ठरले होते. गाडी सावलीला लावून मी मुलांना १९३४ ची हकिकत सांगितली. बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी बघायला निघाले होते. वाटेत हा किल्ला. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काहींनी दारापाशी तळ्याच्या पाण्याने हातपाय धुतले. तळे बाटवले म्हणून ओरडा झाला, शिवीगाळ झाली. अखेर आत सोडले ते पाण्याला कुठेही शिवायचे नाही या अटीवर, आणि लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई सोबत. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. नातीने विचारले, "मग त्यांना तहान लागली तर?"

आई काही बोलली नाही. जारमधून तांब्या भरून घेतला, तिथेच सावकाश तोंड धुतले, पाय धुतले. मग समोरच्या रसवंतीवर जाऊन उसाचे कांडे हातात घेऊन बघितले. "चार दिवसांचा शिळा हाय," म्हणाली, तरी अर्धा ग्लास प्यायली.

अकराच्या आत नागसेनवनाजवळ मावसबहिणीच्या घरी पोचलो. ऊन वाढायच्या आत माणसे छपराखाली, हाच हिशेब होता. दुपारभर झोपलो. सहा वाजता निघालो, शहागडचा पूल आला तेव्हा पूर्ण अंधार. मला वाटले आई झोपली असेल.

"ते अजिंठ्याचं कधी?" तिने विचारले.

"पाऊस झाला की. तेव्हा तिथे धबधबा असतो."

"दसऱ्याच्या आत बघ," ती म्हणाली. "धाकट्यानं उचल घेतलीया."