समुद्रापलीकडचा मारुती

परदेशी निघालेल्या माणसाकडे लोक काय काय मागतात! शेजाऱ्यांनी अत्तर मागितलं, मेव्हण्यानं घड्याळ मागितलं. आमच्या आईनं एवढंच सांगितलं, "तिकडे रामायण आहे म्हणे. मारुती भेटला तर माझा नमस्कार सांग." आईचं वय ८६. दर शनिवारी कोपऱ्यावरच्या मारुतीला तेल घालायचा तिचा नेम. खुब्याचं हाड मोडल्यापासून तो माझ्याकडे आला. तेव्हा बँकॉकला मी प्रवासी म्हणून कमी आणि आईचा मुखत्यार म्हणूनच अधिक चाललो होतो.

बँकॉक हे नाव आपण घेतो. तिथले लोक आपल्या गावाला 'क्रुंग थेप', म्हणजे देवांची नगरी म्हणतात. पूर्ण नाव घ्यायचं तर महानगर, अमर, रत्न, अयोध्या, विश्वकर्मा अशा शब्दांची मालगाडीच! लग्नात हिनं घेतलेला उखाणाही एवढा लांब नव्हता. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. १७८२ पासून गादीवर चक्री घराणं, आणि राजाला म्हणायचं 'राम'. २०१६ साली गादीवर आले ते दहावे राम. इतकं सगळं आपलंच असताना आपल्याला फसवणार कोण, अशा भ्रमात मी होतो.

सकाळी नदीवर गेलो. चाओ फ्राया हे नदीचं नाव आणि नारिंगी निशाण ही बोटीची खूण. ही बोट धक्क्याला लागते असं म्हणणं धाडसाचं होईल. ती धक्क्याला चाटून जाते. मागच्या टोकाला उभा असलेला गडी शिट्ट्या फुंकतो, त्या शिट्ट्यांवर कप्तान बोट मागेपुढे घेतो, आणि दोर खुंटाला पडतो न पडतो तोच सुटतोही. हिचं माहेर डोंबिवलीचं. तिनं पापणी न लववता उडी मारून खिडकीची जागा धरलीसुद्धा. मला दोघा अनोळखी माणसांनी दंडाला धरून आत घेतलं. मग पत्र्याचं नळकांडं खुळखुळवत कंडक्टरबाई आल्या. नदीत जलपर्णीचे पुंजके वाहत होते. मुळा-मुठेच्या काठी आयुष्य गेलेल्या माणसाला त्यामुळे फार परकं वाटलं नाही.

डाव्या हाताला वाट अरुण हे देऊळ दिसलं. अरुण म्हणजे आपलाच, सूर्याचा सारथी. शिखर चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेलं. नाव पहाटेचं, पण सगळं जग ते बघायला समोरच्या काठावर संध्याकाळी जमतं.

राजवाड्याच्या धक्क्याचं नाव 'ता चांग', म्हणजे हत्तीचा धक्का. तिथून पायी निघालो, तर एक अत्यंत सभ्य गृहस्थ आडवे आले. म्हणाले, "आज राजवाडा दुपारपर्यंत बंद. आत पूजा आहे." माझा लगेच विश्वास बसला. ही हळूच म्हणाली, "पूजा आहे म्हणून देऊळ बंद? पूजेला तर उघडं हवं!" पण तोवर मी टुकटुकमध्ये बसलो होतो. टुकटुक म्हणजे आपली रिक्षाच, फक्त तिच्या अंगात आलेलं असतं. तिनं आम्हांला नेलं थेट माणकं-पाचू विकणाऱ्या एका दुकानात. तासाभरानं, काही विकत न घेतल्याचा अपमान सोसून, परत आलो. राजवाडा सताड उघडा होता आणि रांगेत निम्मं जग उभं होतं. ही काही बोलली नाही. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर बायकोच्या न बोलण्याचाही आवाज ऐकू येतो.

दारावर पहारेकऱ्यानं माझ्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं. मुलानं हौसेनं दिलेली अर्धी चड्डी तिथे चालत नाही. शेजारच्या दुकानातून हत्तींच्या चित्रांची पायघोळ विजार घेतली. हत्तीचा धक्का मला असा बसला!

आत पाचूचा बुद्ध. उंची ६६ सेंटिमीटर. त्याची वस्त्रं उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तीनदा खुद्द राजा बदलतो. भोवतालच्या ओवऱ्यांत भिंतीवर १७८ चित्रांत अख्खं रामायण, सोन्यानं झगमगणारं. पांढराशुभ्र मारुती दिसताच मी आईच्या वतीनं हात जोडले. नमस्कार पोचला! अन् तेवढ्यात शेजारच्या घोळक्यातल्या वाटाड्याचं बोलणं कानावर पडलं. सेतूचे दगड एक मत्स्यकन्या पळवत होती. ती रावणाची मुलगी, सुवर्णमत्स्या. मारुती तिला पकडायला पाण्यात उतरला आणि तिच्या प्रेमात पडला. पुढे त्यांना मुलगाही झाला! शिवाय हे प्रकरण तिकडच्या मारुतीचं एकुलतं एक नाही.

माझे जोडलेले हात तसेच राहिले. आईला काय सांगू? संध्याकाळी वाट फो देवळात ४६ मीटर लांबीच्या पहुडलेल्या बुद्धापुढे, १०८ भांड्यांत एकेक नाणं टाकतानाही हाच विचार. ही म्हणाली, "सांगू नका." पण आईशी खोटं बोलायला मला कधी जमलेलं नाही, लहानपणी प्रयत्न भरपूर केले होते.

घरी आल्यावर आईनं पहिलाच प्रश्न विचारला, "भेटला?" मी सगळं सांगून टाकलं. मत्स्यकन्येसकट. आई बराच वेळ गप्प. मला वाटलं, ८६ वर्षांची भक्ती मी एका वाक्यात बुडवली.

मग ती म्हणाली, "समुद्र ओलांडला की भलेभले बदलतात रे. तुझा मामा तर नुसता खंडाळ्याचा घाट उतरला होता."

शनिवारी तेलाची वाटी माझ्या हातात देताना तिनं मला पुन्हा जवळ बोलावलं आणि हलक्या आवाजात बजावलं, "आणि हे बघ, तिकडचं त्याच्यापाशी काही काढू नकोस हो. उगीच संकोचेल बिचारा."